हात लावू नका

मित्रांनो, मी मुलुंडचा एक जुना आइसक्रीम पॉट. बाहेर सागवानी बादली, आत पत्र्याचा डबा, डोक्यावर हँडल, असा माझा थाट.

१९५३ साली विद्याधररावांनी मला मोठ्या हौसेने घरी आणले. आमच्या बैठ्या चाळीत असा पॉट दुसऱ्या कुणाकडे नव्हता. त्यांनी मला कपाटावर बसवले आणि वर क्रोशाचा रुमाल घातला. पाहुणे आले की ते सांगत, "बघा, पण हात लावू नका." माझा ऊर भरून येई. पण उन्हाळे आले नि गेले; माझ्या पोटात बर्फाचा खडा पडला नाही.

मग शेजारच्या मालनबाईंच्या शुभाचे टॉन्सिल्स काढले. पोर काही केल्या गिळेना. डॉक्टर म्हणाले, आइसक्रीम द्या. ते ऐकताच विद्याधररावांच्या पत्नी सुनंदाबाई स्टुलावर चढल्या.

"अगं, ओरखडे पडतील."

"पडू देत."

दूध आले, बर्फ फुटला, मीठ पडले. मी आनंदाने नुसता थरथरत होतो. आणि काय सांगू, माझ्या फळ्याफळ्यांतून धारा लागल्या! कोरडे राहून लाकूड आकसले होते.

विद्याधररावांचा चेहरा उतरला. "इतका जपला, तरी?"

"जपलात म्हणूनच. तीन वर्षं थेंब दाखवला नाहीत त्याला," सुनंदाबाई म्हणाल्या.

"भांडा मागीर. माझां घंगाळ हाडतंय," म्हणत त्यांचे भांडण तिथेच थांबवून मालनबाई घंगाळ आणायला धावल्या.

त्यांनी मला घंगाळात बसवले. गळलेले गार पाणी माझ्याभोवतीच राहिले. हँडल गरगर फिरू लागले, मग जड होत गेले. विद्याधररावांचे हात भरून आले. दारात जमलेल्या चाळकऱ्यांवर तेच खेकसले, "नुसते बघता काय? हात लावा की."

किती हात लागले! शुभाच्या तोंडात पहिला चमचा गेला. तिने गिळले. मग घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आणखी."

संध्याकाळपर्यंत माझे लाकूड फुगले. गळती थांबली.

पुन्हा मी कपाटावर चढलो नाही. बारशाला, मुंजीला घरोघर फिरलो. विद्याधरराव मला शोधायला निघत. दारोदार चहा घेत, गप्पा मारत आणि मला न घेताच परत येत. चाळीत त्यांच्याइतका श्रीमंत कुणी नव्हता.

मित्रांनो, तुमच्याही कपाटावर जपून ठेवलेले काही असेल, तर वेळीच खाली काढा. आणि दारात कुणी बघत उभे असेल, तर म्हणा, हात लावा.