ऑपरेशन झालंय

शिवणकारखान्याच्या कँटीनमध्ये टेबलं भिंतीला सारून पडदा लावला होता. आत गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी चालली होती. "मला काही होत नाही, मग कशाला ती थेरं?" असं म्हणत निम्म्या बायका आल्या पावली परत जात होत्या.

दिवसभर इस्त्रीपाशी उभं राहून धाकटीच्या पायांचे तुकडे पडले होते. ती रांगेत थांबली होती ती थोरल्या जाऊबाईंसाठी. थोरल्या काजबटणाच्या मशीनवर. पाळी जाऊन चार वर्षं झालेली, तरी दोन महिने त्यांच्या अंगावरून लाल जात होतं. सांगितलं होतं फक्त धाकटीला, तेही शपथ घालून. दुखणी अंगावर काढायची खोडच त्यांना.

धाकटीने हाताला धरून आणलं खरं, पण नर्सने विचारलं, "ऑपरेशन झालंय का?"

"झालंय की."

"मग तुम्हाला गरज नाही."

थोरल्या सुटल्यासारख्या तरातरा निघून गेल्या.

धाकटीनेही तेच उत्तर दिलं. तिलाही कधी एकदा घरी जाऊन पडते असं झालं होतं. नर्सने सहज विचारलं, "म्हणजे पाळी बंदच असेल?"

"छे हो, येते की दर महिन्याला."

"पिशवी काढल्यावर कशी येईल?"

"पिशवी कुठे काढली? दुसऱ्या मुलीनंतर मूल न होण्याचं ऑपरेशन केलं ना!"

नर्सने कपाळावर हात मारला. "अहो, मी पिशवी काढल्याचं विचारतेय! सकाळपासून किती जणींना परत धाडलं मी!"

शपथ गेली खड्ड्यात. जाऊबाईंचंही ऑपरेशन मूल न होण्याचंच, असं म्हणत धाकटीने त्यांचं सगळं सांगून टाकलं.

थोरल्यांना मशीनवरून उठवून आणलं. "तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही," एवढं पुटपुटून त्या पडद्याआड गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या आणि बाकावर बसल्या. राग कुठल्या कुठे गेला होता.

"काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?"

"जखम दिसतेय म्हणाल्या. मोठ्या हॉस्पिटलात तुकडा काढून तपासणार." थोरल्या चपलांकडे बघत राहिल्या. "तीन वर्षांमागे हे लोक आले, तेव्हा मी आपणहून गेले होते गं. ऑपरेशन झालंय म्हटल्यावर गरज नाही म्हणाले. मला वाटलं, ऑपरेशन झालेल्या बाईला हा रोग होतच नाही."