लवकर झालेली भैरवी

एकादशीच्या दुपारी धारूरच्या त्या घरात पुन्हा माणसं जमली. विठ्ठलबुवांचं गाणं बंद होऊन वर्ष होत आलं, तरी त्यांचे ऐकणारे येत राहिले. बुवा खाटेवर उशीला टेकून बसत आणि लोक त्यांच्याच कार्यक्रमांच्या गोष्टी त्यांना सांगत. जानकीबाई आत चुलीपाशी भगर हलवत ते ऐके. नवऱ्याच्या आजारपणानं तिचंही अंग आता दुपारपर्यंतच साथ देई.

“सिरसाळ्याच्या सप्त्यात लाइट गेलती,” आडत्या आसाराम सांगत होता. “माइक बंद. बुवांनी तसाच अभंग धरला. पार बाजारतळापोतर ऐकू गेला.”

“मागल्या एकादशीला तू सांगितलं तवा स्टँडापोतरच गेलता,” पालीचा धोंडीराम म्हणाला.

“तू व्हता का बे तिथं?”

“व्हतो की. तुझं घोरणंबी ऐकू येईना, एवढा मोठा आवाज व्हता.”

बुवा हसले. हसण्याचा खोकला झाला. खोकला थांबेपर्यंत जानकीबाईनं पळी तशीच धरून ठेवली. फुप्फुसात ताकद उरली नाही, गायचं नाही, असं बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी उन्हाळ्यात अशाच मंडळींनी आग्रह केला आणि दुसऱ्याच ओळीला बुवांचा आवाज फाटला. लोकांनी वाहवा केली. ते गेल्यावर बुवा भिंतीकडं तोंड करून पडले, ते कितीतरी दिवस चहापलीकडं काही घेईनात. माणूस हातातून जातो की काय, असं तिला वाटलं होतं.

ती भगरीचं पातेलं घेऊन बाहेर आली तर आसाराम माळ्यावरून पेटी उतरवत होता.

“वहिनी, आज एकच कडवं म्हणाया लावतो बगा.”

“डॉक्टर नको म्हणलेत, भाऊजी.”

“आवो, एका कडव्यानं काय व्हतंय?”

बुवा ताठ बसले होते. खांद्यावरची शाल त्यांनी मागं सारली. गाण्याआधी ते नेहमी तसंच करीत. चारचौघांत त्यांना लहान पोरासारखं अडवावं, हेही तिच्यानं होईना.

तिनं पातेलं खाली ठेवलं, दाराच्या चौकटीला टेकून बसली आणि भैरवी धरली. बुवा प्रत्येक कार्यक्रम जिनं संपवत, तीच. घरच्या बैठकीत ही भैरवी सुरू झाली की ती आत तवा चुलीवर ठेवी. इतक्या वर्षांत शब्दन् शब्द कानात बसला होता. आवाज जाडाभरडा होता. पण कोणी मध्ये बोललं नाही. भैरवीनंतर कोणी गात नाही, पेटी मिटायची, हे तिथल्या प्रत्येकाला लहानपणापासून ठाऊक होतं.

ती थांबली तेव्हा आसारामचा हात भात्यावरच होता. त्यानं बुवांकडं पाहिलं. बुवा तिच्याकडं बघत होते.

“झाली की भैरवी,” धोंडीराम हात जोडत म्हणाला. “आता काय.”

आसारामनं पेटीवर खोळ चढवली. भगर खाऊन मंडळी उठली. बुवांनी मात्र तेव्हा ताटाला हात लावला नव्हता.

“सूर खाली लागलता तुझा,” घर रिकामं झाल्यावर ते म्हणाले.

“हां.”

“कावून केली घाई? माझं एक कडवं निघालं असतं.”

“निघालं असतं,” ती म्हणाली.

त्यांनी शाल गळ्यापर्यंत ओढली आणि भिंतीकडं मान वळवली. जानकीबाई भगरीचं ताट मांडीवर घेऊन खाटेशेजारी बसून राहिली. उठून खरकटी ताटं गोळा करायची होती, पण पाय उचलेनात.

बऱ्याच वेळानं बुवांनी न बघताच हात पुढं केला. तिनं त्यात ताट दिलं.

“गार झाली,” ते म्हणाले.

घास ते रागारागानं चावत होते. राग चालेल, असं तिला वाटलं. मग तिनं डोकं खाटेच्या कडेच्या लाकडाला टेकवलं.