न मारलेली हाक

मी एक दिवस मौन धरणार हे ऐकून गाव हसलं. गोम्पाचा, म्हणजे आमच्या मठाचा, म्हातारा राखणदार, मेमे ग्यात्सो, तर तोंडावरच म्हणाला, "यांगडोल गप्प? मग उद्या बोकडही दूध देईल!"

हसा म्हटलं, मेल्यांनो. माझ्या जिभेला हाड नाही हे मला का ठाऊक नाही?

हिवाळा सरता सरता आम्ही न्युंगनेचं व्रत करतो. पहिल्या दिवशी एकदाच जेवायचं. दुसऱ्या दिवशी अन्न नाही, पाणी नाही, शब्द नाही, नुसते दिवसभर साष्टांग नमस्कार. तिसऱ्या दिवशी उजाडलं की पातळ पेज पिऊन सोडायचं. चार वर्षं मी ते टाळलं होतं. गप्प बसले की एकच गोष्ट आठवायची, म्हणून.

चार वर्षांपूर्वी माझा नवरा पुंचोक गोठलेली नदी ओलांडत होता आणि मी काठावरून ओरडले, "मीठ आणलंस का?" उत्तर द्यायला तो थांबला, वळला. चादरीवर, म्हणजे नदीवरच्या त्या बर्फावर, थांबायचं नसतं, वळायचं नसतं, पाय न उचलता घासत पुढे जायचं असतं. बर्फ फुटला आणि तो गेला. लोक म्हणाले, नशीब. मिठाचं मी कुणाला सांगितलं नाही, माझ्या पोराला, नोरफेललासुद्धा नाही.

मौनाच्या दिवशी दुपारी कंबर मोडली, घसा सुकून लाकूड झाला, म्हणून जरा गोम्पाच्या गच्चीवर आले. मेमे तिथं ऊन खात बसला होता. खाली नदीकडं बघते तर नोरफेल! लेहहून परत येत होता, पाठीवर ओझं. शहाण्यानं पुलाचा अर्ध्या दिवसाचा वळसा चुकवायला थेट नदीत पाय घातला होता. त्याच्यापुढं बर्फ काळा पडलेला होता, वरून पाणी वाहत होतं. मला वरून दिसत होतं, त्याला खालून दिसत नसणार.

"अगं, तुझा पोरगा!" मेमे उठला. "हाक मार! रोज पलीकडच्या गावात ऐकू जाते, आज तोंडात लोणी धरलंयस का? व्रत गेलं खड्ड्यात!"

व्रताचं मला काय पडलं होतं! हाक ओठांवर आली होती. तेवढ्यात नोरफेलनं मान वर केली. मला बघितलं त्यानं. मी ओरडले असते तर तो थांबला असता, काय म्हणतेस म्हणून वळला असता, अगदी बापासारखा.

मेमेनं स्वतःच छाती भरून घेतली तशी मी झडप घालून त्याचं तोंड दाबलं. म्हातारा धडपडला, माझ्या हाताला चावलासुद्धा. मी सोडलं नाही. मी हललेही नाही. खाली बर्फ कडाडला, नोरफेल गुडघ्यापर्यंत पाण्यात गेला. मी मेले तिथं. मग तो डावीकडं सरकला, पाय घासत, हळूहळू, पुन्हा डावीकडं. किती वेळ गेला देव जाणे. शेवटी तो काठावरच्या दगडांवर उपडा पडला, आणि मी मेमेला सोडलं.

वर आला तेव्हा नोरफेलचे दात वाजत होते.

"आमा, मान वर केली तर तू दिसलीस," तो म्हणाला. "म्हटलं, आता ही बोंब मारणार आणि मला काही कळणार नाही. पण तू गप्प उभी राहिलीस. मग मला बर्फ ऐकू यायला लागला. कुठं तडकतोय, कुठं पक्का आहे, सगळं. नाहीतर गेलोच होतो."

मी त्याचे ओले बूट ओढून काढले आणि पाय मांडीवर घेऊन चोळायला लागले. चार वर्षांत मी पुंचोकसाठी रडले नव्हते, तोंड वाजवत राहिले होते. आता रडू आलं ते थांबेना, आणि हुंदकासुद्धा बाहेर पडेना.

"झालं काय तुला?" नोरफेल घाबरून विचारत होता. "आमा, बोल ना!"

मौन सुटायला, उजाडायला पुष्कळ वेळ होता. उजाडलं की सांगणार होते त्याला, बापाचं, मिठाचं, अगदी सगळं. मी त्याचा दुसरा पाय मांडीवर घेतला.