राबाचा परवाना

पूर्वाने अर्ज टेबलावरून मच्छिंद्र तात्यांकडे परत सरकवला.

"तात्या, पाला जाळायची परवानगी नसतेच. कुणालाच नसते. जाळलात तर दंड होईल."

"मग तसं लिहून द्या."

क्षेत्रीय कार्यालयाच्या आरोग्य विभागात चोरून पाला पेटवणारे पूर्वाने खंडीभर पाहिले होते. नकार लेखी मागणारा हा पहिलाच. एरवी 'नाही' ऐकू येऊ नये म्हणून लोक नगरसेवकापर्यंत ओळखी काढतात, आणि हा म्हातारा त्यासाठीच पुन्हापुन्हा जिना चढत होता. तिला राहवेना.

"पण जाळायचंय कशाला?"

"राब भाजायचाय. भाताचं रोप टाकायच्या आधी वाफ्यावर पाला जाळत्यात. धायरीत भैरोबाला नव्या भाताचा पयला निवेद आमच्या घरचा आसतो. आमच्याच रानातल्या भाताचा. इकतचा चालत न्हाय."

"मग न भाजता टाका रोप."

"तसं आमच्यात करत न्हाईत," तात्या म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

दुपारी ती स्कूटर काढून जागा पाहायला गेली. तात्यांच्या शेतात आता एक उंच इमारत होती, आणि अर्जातला वाफा तिच्या मागच्या अंगाला. वाफा कसला! या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सिमेंटचे ब्लॉक, त्यांवर ओळीने गाड्या. माती औषधालाही नव्हती.

तात्या त्याच इमारतीत राहायचे; तिला पाहून खाली उतरून आले.

"इथे भात लावणार होतात?"

"न्हाय." ते ब्लॉककडे बघत राहिले. "जमीन मीच इकली, मॅडम. थोरला भाऊ नगं म्हणत व्हता. ह्यो वाफा उरला व्हता तवर निवेद चालला, औंदा त्यावरबी ब्लॉक आलं. आता निवेद का बंद झाला म्हणून समदे देवळात इचारतील. मी इकली म्हणून, हे तोंडातून निघत न्हाय. सरकारनं राब भाजू दिला न्हाय, एवढं म्हणता आलं तर..."

करून सवरून नामानिराळं व्हायचं, तेही महापालिकेच्या शिक्क्याने! पूर्वाला राग यायला हवा होता. आला तो थोडा, पण वाईटच जास्त वाटलं. शिवाय जे लिहायचं होतं त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून तिने लिहिलं, 'उघड्यावर पालापाचोळा जाळण्यास परवानगी देता येत नाही.' जागेबद्दल काही लिहिलं नाही.

तात्यांनी कागद लांब धरून वाचला आणि तिच्याकडे परत दिला.

"जरा मोठ्या अक्षरात लिहा. थोरल्याला आताशा नीट दिसत न्हाय."