पिवळीचा दीड तारा

आमच्या कारखान्यात चार तऱ्हेच्या बिअर निघतात, पण माझी म्हणावी अशी एकच. पिवळी. लेबलवर तिचं नाव लांबलचक आहे, ते कुणी घेत नाही. काचेच्या भट्टीवरचे लोक पाळी सुटली की दुकानात येतात आणि नुसतं बोट दाखवतात. सव्वीस वर्षं मी तिच्या दोन टाक्या सांभाळतोय. गारवा बघायचा, रोज नळातून अर्धा पेला काढून चाखायची, बिघडली तर बोंब मारायची. शाळेत मी चौथीच्या पुढं गेलो नाही, पण जिभेनं मला कधी दगा दिला नाही.

तर एका सोमवारी मालकीणबाईंनी वर बोलावलं. टेबलावर कागद होता. बिअरच्या शौकिनांची कुठलीशी यादी. फोनवर चालते म्हणे. लोक पितात आणि पाचातले तारे देतात. दोनशे बारा बिअर होत्या. मी वरून शोधायला लागलो.

बाई म्हणाल्या, "टाकीवाले, खालून बघा."

सगळ्यात खाली पिवळी. दीड तारा.

"महिनाअखेरीला ही बंद करावी म्हणते. दुकानदार यादी दाखवून माल परत पाठवतात. त्या दोन टाक्या काढून टाकू."

"आणि मी?"

बाईंनी कागदाची घडी घातली. मग त्या घडीची घडी. तेच उत्तर समजायचं.

घरी येऊन बायकोला म्हटलं, तुझ्या फोनवर ती यादी काढ आणि वाच कोण काय बरळलंय. ती लोकांचे कपडे शिवते. तिनं मशीन थांबवलं, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला.

"'जळक्या रबराचा वास.' 'टायर पेटल्यासारखी.' 'रबर.' नुसतंच रबर लिहिलंय यानं. अहो, सगळेच रबर रबर करतायत."

"किती जण?"

"एकेचाळीस."

माझ्या मनात पाल चुकचुकली. एकेचाळीस माणसं आणि शब्द एकच? वर्गात सगळ्यांचं उत्तर सारखंच चुकलं की मास्तर काय ओळखायचे? एकानं लिहिलं, बाकीच्यांनी गिरवलं. आणि त्या एकाच्या खांद्यावर दुसऱ्या कुठल्या बिअरवाल्याचा हात असणार.

"पहिलं कुणाचं आहे?"

ती घुटमळली. "भिंगवाला म्हणून कुणी आहे. अर्धा तारा."

माझा मेव्हणा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो.

"तुझा भाऊ," मी म्हटलं.

"जगात तो एकटाच भिंगं घासतो का?" म्हणाली, आणि मशीन पुन्हा सुरू केलं. जरा जास्तच जोरात.

मेव्हण्याच्या दुकानावरच्या खोलीत दर रविवारी दुपारी त्याची टोळी जमते. मी न सांगता जाऊन उभा राहिलो. सहा पुरुष, एक बाई, प्रत्येकापुढं वही. हातात दांडीचे पेले, कोंबडीच्या अंड्याला पाय फुटावा तसे. पिण्यापेक्षा हुंगणंच जास्त. मांजरसुद्धा दुधाला इतकं हुंगत नाही.

"दाजी? या ना," मेव्हणा म्हणाला. चेहरा मात्र नको म्हणत होता.

"अर्धा तारा तू दिलास?"

"दिला," तो म्हणाला. निदान खोटं तरी बोलला नाही.

"कुणी सांगितलं द्यायला?"

"नाकानं."

सगळे हसले. मला हसणारा प्रत्येक माणूस विकलेला वाटत होता. टोळीतल्या त्या एकट्या बाईनं तर वही अशी झाकली, जसं काही मी तिच्या पेपरात बघतोय. मी म्हटलं, पिवळी आणा, माझ्यासमोर फोडा. टोळीतल्या एकानं कोपऱ्यावरच्या दारूच्या दुकानातून बाटली आणली. मी ती आधी उजेडात धरून फिरवून बघितली. झाकण आमचं, कुठं उचकटल्याची खूण नाही. ओपनर माझ्या हातात घेतला. पेलाही मीच धुतला, कारण पेल्याला काही फासलेलं असलं तर?

ओतली. नाकाजवळ नेली.

रबर.

मी पेला खाली ठेवला. परत उचलला. तेच.

"यात काय घातलंत?"

मेव्हणा हळूच म्हणाला, "दाजी, झाकण तुम्हीच काढलंत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सव्वीस वर्षांत मी पिवळी टाकीच्या नळातून प्यायलो, पण दुकानातली बाटली कधी विकत घेतली नव्हती. हलवाई कधी दुकानातून पेढे आणतो का?

मग संशय दुकानदारावर गेला. तसाच खाली उतरलो. कोपऱ्यावरच्या त्या दुकानाच्या दर्शनी काचेत पिवळीच्या बाटल्या उतरंडीसारख्या रचलेल्या. दुपारचं ऊन थेट त्यांच्यावर. दिसत होत्या मात्र अशा, की कुणाची नजर लागावी.

"यातलीच दिलीस ना मघाशी?"

"हो. चांगल्या दिसतात म्हणून तिथं ठेवतो. बाकीच्या फ्रीजमध्ये."

फ्रीजचं दारही काचेचं, आत ट्यूबलाईट दिवसरात्र चालू. मी म्हटलं, मागच्या खोलीतलं बंद खोकं फोड. तो कुरकुरला, पण त्यानं फोडलं. "सगळा माल एकाच गाडीतून आलाय," तो म्हणाला. "तुम्हाला काय वेगळं मिळणार?" मी लेबलवरचा लॉट नंबर ताडून बघितला. काचेतली आणि खोक्यातली, नंबर एकच. दुकानाच्या पायरीवर बसून खोक्यातली फोडली.

माझी पिवळी. रबराचा मागमूस नाही.

आता चोर सापडल्यात जमा होता, फक्त त्याला बेड्या घालता येत नव्हत्या. ऊन. ज्यांनी मला काम शिकवलं ते म्हातारे उस्ताद एकदा म्हणाले होते, बिअरला उजेड दाखवू नको, ती लाजून नासते. टाकीत उजेड जातच नाही, म्हणून मी ते विसरलो. आणि तेव्हा बाटल्याही तपकिरी होत्या. या पांढऱ्या, आरपार दिसणाऱ्या बाटल्या दोन वर्षांपूर्वी आल्या. बाईंनी आणल्या, कुठल्याशा जाहिरातवाल्याच्या नादानं. म्हणजे बाईंचंच काम. अस्सं.

पायरीवरून उठलो, बाईंना जाब विचारायचा म्हणून. आणि चार पावलांवर थांबलो. कारण आठवलं. नवी बाटली ठरवायच्या दिवशी बाई दोन बाटल्या घेऊन खाली टाकीपाशी आल्या होत्या. एक तपकिरी, एक पांढरी. "टाकीवाले, तुमचं काय म्हणणं?" मी पांढरीत पिवळी ओतली, दिव्यापुढं धरली. पोरगी नवे कपडे घालून आल्यावर बापाला व्हावं तसं झालं मला. म्हटलं, बाई, हीच. हिच्यात रंग दिसतो.

एकेचाळीस जणांवर संशय घेतला, आणि बेचाळिसावा मीच निघालो.

दुसऱ्या दिवशी दोन बाटल्या बाईंच्या टेबलावर ठेवल्या. एक दुकानाच्या दर्शनी काचेतली, एक खोक्यातली. बाईंनी दोन्ही हुंगल्या. पहिलीला नाक मुरडलं, दुसरीचे दोन घोट घेतले. मी सगळं सांगितलं.

"पांढरी बाटली तुम्हीच म्हणाला होतात," बाई म्हणाल्या.

"म्हणालो होतो."

"आणि मीही तुमचं ऐकलं." त्यांनी काचेतली बाटली बाजूला सारली. मग म्हणाल्या, "तपकिरी मागवते. सहा महिने बघू. तोवर टाक्यांना हात लावत नाही."

पुढच्या रविवारी मेव्हण्याला टाकीपाशी नेलं. नळातून पेला भरून दिला. साधा पेला, बिनपायांचा. त्यानं हुंगली, प्यायली, वहीत लिहिलं. मी वहीत डोकावलो.

"अडीच? अरे, रबर आहे का यात?"

"रबर नाही. पण दाजी, पाणचट आहे."

"पाणचटच हवी ती. भट्टीपुढं आठ तास उभा राहा, मग तुझी ती काळी, काढ्यासारखी पिऊन दाखव."

"मग भट्टीवाल्यांनी तारे द्यावेत."

"त्यांना वही धरायला हात मोकळा असतो का?"

त्यानं पेला रिकामा केला. अडीच मात्र खोडले नाहीत. नाक विकलेलं नव्हतं, तेवढं मला बरं वाटलं, हे त्याला सांगितलं नाही.

आम्ही दोघं घरी आलो तर बायको काजं करत बसलेली. मेव्हणा बसता बसता म्हणाला, "दाजी, एक विचारू? त्या यादीत पिवळीला एकानं पाच तारे दिलेत. 'यापेक्षा चांगली बिअर जगात नाही,' असं लिहिलंय. आमच्या सगळ्या टोळीला त्याचाच संशय आहे. कारखान्यातलाच कुणीतरी लबाड."

"मला फोन उचलता येतो, तेवढंच," मी म्हटलं. "नाव काय त्याचं?"

"सुईदोरा."

काजं करणारा हात थांबला. आम्ही दोघांनी तिच्याकडं बघितलं. तिनं जन्मात बिअरचा थेंब जिभेला लावलेला नाही.

"अगं, न पिता?"

"तुम्ही तरी ती पांढरी बाटली कुठं पिऊन ठरवली होतीत? नुसती बघूनच ना?"

मेव्हणा छताकडं बघायला लागला. मी खाटेवर बसलो. सगळ्या यादीत खोटा तारा शोधत फिरलो, आणि तो माझ्याच घरात शिलाईच्या मशीनपाशी होता.

"काढून टाक ते," मी म्हटलं.

"आणि पिवळी आणखी खाली गेली तर?"

"सगळ्यात शेवटीच आहे ती. आणखी खाली जाईल कुठं?"

तिनं दोरा दातानं तोडला आणि फोन हातात घेतला.