वच्छलाबाईची पळी

देऊळघाटात शेषरावांच्या घरी जेवलेला पाहुणा कोपरापर्यंत ओघळलेलं तेल पुसतच बाहेर पडायचा. हा सगळा प्रताप त्यांच्या बायकोचा, वच्छलाबाईचा. ज्वारीची भाकर कुस्करायची, तिच्यावर तिखट टाकायचं आणि वर घाण्याचं कच्चं तेल घ्यायचं, हे वऱ्हाडात घरोघरी चालतं. पण वच्छलाबाई वाढायला आली, की "पुरे, पुरे" म्हणणाऱ्याचा हात ताटावर आडवा येईस्तोवर पळी रिकामी झालेली असे. ती पितळी पळी तिच्या सासूनं तिच्या हाती दिली होती आणि त्या दिवसापासून तेल वाढायचा मान तिचा. सून कोकिळा भाकरी थापी, दळण करी, धारा काढी, पण पळीला हात लावत नसे. कुणी हातचं राखून वाढलं, की वच्छलाबाईला त्या घराची कीव यायची. गर्व म्हणा हवं तर. होताच तिला, आणि तो तिला शोभतही होता.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. कोकिळेची पोर सिंधू पाच वर्षांची होती. दिवसभर शेळीच्या करडामागं उड्या मारणारी ही पोर दिवेलागण झाली की भिंतीला धरून चालू लागली. एका संध्याकाळी ती उंबऱ्याला अडखळून जात्यावर आदळली आणि कपाळ फुटलं. वच्छलाबाई हळद घेऊन धावली तर पोर तिच्या समोर बसून विचारत होती, "आजी, तू कुठी हायेस व?"

दुसऱ्या दिवशी सगळे बुलडाण्याला गेले. तिथल्या चिंतामण डॉक्टरांनी पोरीचे डोळे पाहिले आणि रातांधळेपणा असल्याचं सांगितलं. आत्ताच आवरलं नाही, तर बुबुळावर फूल पडून दिवसाचंही दिसणं जाईल, असंही ते म्हणाले. मग त्यांनी कपाटातून एक तपकिरी बाटली काढली आणि सोबत लहानसा चमचा दिला. "मुशी नावाच्या मोठ्या माशाच्या यकृताचं तेल आहे. रोज एक चमचा, सपाट. शिवाय शेवग्याचा पाला, पपई, दूध."

मासा म्हणताच शेषरावांचा हात गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडं गेला. त्यांच्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलं नव्हतं. पण नात डोळ्यांसमोर भिंत चाचपत होती. ते म्हणाले, "दवा हाय म्हणता, तं आणतो. पण घरात नाई. बाटली गोठ्यातल्या कोनाड्यात राहीन."

बाटली गोठ्यात राहिली आणि तेल असल्यामुळं ती द्यायचा मान अर्थातच वच्छलाबाईकडं आला. वास असा, की बैलसुद्धा मान फिरवायचे. सिंधू नाक दाबून चमचा गिळी आणि वर गुळाचा खडा चघळी. आठ-पंधरा दिवसांत गुण दिसू लागला. संध्याकाळी पोर भिंत सोडून अंगणात आली, चुलीपाशी बसलेल्या आईला लांबून ओळखू लागली. वच्छलाबाई आनंदानं नुसती फुलून गेली. शेजारच्या तानाबाईला तिनं विहिरीवर गाठून सगळं ऐकवलं.

आणि इथंच तिच्या हाताला खाज सुटली. एवढ्याशा चमच्यानं इतका गुण येतो, तर मग कंजुषी कशाला? डॉक्टर पडला शहरातला. तिथं तेल बाटलीतनं आणतात, घाण्यावरनं नाही. त्याचा हात आखडणारच! तिनं चमचा कोनाड्यात ठेवून दिला आणि स्वयंपाकघरातली दुसरी जुनी पळी गोठ्यात नेली. बाटली लवकर संपली तेव्हा मुलाकरवी, म्हणजे उत्तमरावाकरवी, दुसरी मागवली, मग तिसरी. उत्तमरावाला आईनं सांगितलं की आणायचं, एवढंच ठाऊक. शेषराव त्या कोनाड्याकडं फिरकत नसत. कोकिळेला वाटे, तेल आहे, आत्याबाई पाहून घेतील.

दीड-दोन महिन्यांत पोर उतरली. सकाळी उठली की डोकं धरून बसे, खाल्लेलं ओकून टाकी. ओठ फुटून त्यांच्या कडेला चिरा पडल्या, विंचरताना केसांचे पुंजके हातात येऊ लागले. करडू समोर बागडे आणि पोर "पाय दुखते" म्हणून ओट्यावर पडून राही.

गावाला तर काय, आयतंच कोलीत मिळालं. तानाबाई येऊन सांगून गेली, "माळकऱ्याच्या घरात मासोळी आणली, मंग देव कोपनार नाई तं काय?" शेषरावांच्या मनात तेच चाललं होतं. पोरीला उचलून ते बायको-सुनेसह पुन्हा बुलडाण्याला निघाले.

डॉक्टरांनी पोरीला तपासलं आणि विचारलं, "चमचा रोज देता ना?"

कोकिळा काही बोलायच्या आत वच्छलाबाई पुढं सरकली. पदर सावरून, मान ताठ करून, पंगतीत सांगावं तसं तिनं सांगितलं, "चमच्यानं? डाक्टरसायब, आमच्या घरी तेल चमच्यानं वाढत नाई. म्या पळीनं देते, भरून! एक दिवस चुकवला नाई."

डॉक्टरांच्या हातातलं पेन थांबलं. ते रागावले नाहीत, पण त्यांचा आवाज बदलला. "आजी, हे भाकरीवरचं तेल नव्हे. डोळ्याला जे लागतं ते यात दाटून भरलंय. थोडं दिलं तर दवा. जास्त झालं तर शरीर ते बाहेर टाकत नाही, यकृतात साठवत जातं. कणगी भरून वर ओतत राहिलं तर काय होईल? तेच या पोरीचं झालंय. आजपासून थेंबभरही द्यायचं नाही. वेळेवर आणलीत. बरी होईल."

वच्छलाबाईनं सिंधूच्या फुटक्या ओठांकडं पाहिलं. ज्या हाताचं सारं गाव कौतुक करी, तो हात तिनं पदराखाली घेतला. अति तिथं माती, हे तिनं दुसऱ्यांना हजारदा सांगितलं असेल. स्वतःला सांगायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

घरी येताच शेषराव तडक गोठ्यात गेले आणि उरलेली बाटली घेऊन बाहेर आले. "पैनगंगेत फेकून येतो. पुन्हा या घरात मासोळीचं नाव नाई पाहिजे."

वच्छलाबाई दारात आडवी उभी राहिली. नवऱ्याची वाट तिनं जन्मात कधी अडवली नव्हती. अंगणात तानाबाई होती, आणखी दोन-चार बाया जमल्या होत्या. साऱ्यांना ऐकू जाईल असं ती बोलली, "काऊन फेकता? मासोळीनं काय केलं? पोरीले अंधारात मी दिसत नोहती, ते त्या तेलानं दिसाले लागली. खराबी माह्या हातानं झाली. देवाचं नाव मधात घेऊ नोका. फेकाचंच असन तं हे घ्या, हे फेका!"

आणि खुंटीवरची सासूची पितळी पळी काढून तिनं नवऱ्यापुढं धरली.

शेषराव पळीकडं पाहत राहिले. त्यांच्या आईच्या हातची ती पळी होती. आपली बायको चुकून बसली आहे हे त्यांना दिसत होतं, आणि चार लोकांत ताठ उभी राहून ते आपल्या अंगावर घेते आहे हेही दिसत होतं. त्यांना तिचा राग यायला हवा होता, पण छाती भरून आली ती अभिमानानं. त्यांनी पळी घेतली आणि आपल्या हातानं पुन्हा खुंटीला अडकवली. बाटली कोकिळेच्या हाती दिली. "तू ठेव, सूनबाई."

बाटली आणि कोनाड्यातला चमचा सुनेच्या ट्रंकेत गेले. तेव्हापासून पंगतीत वाढताना वच्छलाबाईचा हात ताटावर क्षणभर थबकू लागला, आणि लोक म्हणू लागले की बाई आता थकली. तिला ते झोंबायचं.

सिंधू हळूहळू सावरली. आधी ओकाऱ्या थांबल्या, मग ओठ भरले, केस पुन्हा दाट झाले. वच्छलाबाई रोज शेवगा ओरबाडून आणी आणि पाल्याची भाजी नातीला पुढ्यात बसवून खाऊ घाली. वर्ष उलटलं. डॉक्टरांनी पुन्हा डोळे पाहिले, म्हणाले, आता साठा उतरलाय, श्रावण महिनाभर द्या, रोज एक चमचा, सपाट, आणि त्यांनी नवी बाटली दिली.

त्या संध्याकाळी कोकिळेनं ट्रंक उघडली. नवी बाटली आणि जुना चमचा घेऊन ती गोठ्याच्या दारात सासूपाशी आली.

"तुमीच द्या, आत्याबाई."

"मी? नोको व माय. तूच दे."

"तिले तुमच्याच हातचं लागते. आन् मले भेव नाई."

वच्छलाबाईनं बाटली घेतली. बाहेर आभाळ भरून आलं होतं, गोठ्यात अंधारून गेलं होतं आणि कंदील अजून लागायचा होता. तिनं जपून, अगदी जपून ओतलं. पण वर्षानुवर्षांची सवय हाताला, ती कुठं जाते? सिंधू नाक दाबून तोंड उघडायच्या बेतात होती, ती मधेच थांबली.

"आजी, ज्यास्त झालं. काठावर फुगलं, पाह्य ना. थोडं बाटलीत टाक."

वच्छलाबाईनं डोळे बारीक करून पाहिलं. तिला स्वतःला त्या अंधारात चमचासुद्धा धड दिसत नव्हता. तिनं तो अलगद तिरका केला, जास्तीचं बाटलीत सोडलं, आणि शेजारच्या अंगणात नीट ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली, "तानाबाई! अवं तानाबाई! माही नात मले अंधारात तेल मोजाले शिकवून राह्यली व!"