मी, नऊ एकांचा वर्ग

माझ्या बरोबर मध्यभागी एक ९ आहे. त्याच्या डावीकडे आठ अंक आहेत आणि उजवीकडेही आठच. एकेक पायरी चढत ९ पर्यंत जावे आणि तसेच पलीकडे उतरावे, असे माझे रूप आहे : १२३४५६७८९८७६५४३२१.

मित्रांनो, मी एक फार जुनी संख्या आहे. मला कोणी घडवले नाही. ओळीने नऊ वेळा १ लिहा आणि त्या संख्येला तिनेच गुणा, की मी मिळते. हा गुणाकार कागदावर मांडला तर एकांच्या रांगा एकेक घर सरकत जातात आणि मधल्या घरात नेमके नऊ एक जमतात. कुठेही हातचा घ्यावा लागत नाही. माझे मूळ अवयव तीनच आहेत : ३, ३७ आणि ३३३६६७. ३ चार वेळा येतो, बाकीचे दोन-दोन वेळा. प्रत्येकाला जोडीदार आहे, म्हणूनच मी पूर्ण वर्ग आहे.

सोलापुरात महेश्वरी नावाची एक तरुण शिक्षिका मुलांना गणित शिकवते. माझ्यावर तिचा फार जीव. तिचे वडील विरेश यांचा एकच यंत्रमाग उरला होता. तो भंगारात द्यावा की ठेवावा, हे दोन वर्षे त्यांचे ठरत नव्हते. भंगारवाला विचारायला आला की ते "बघू" म्हणत आणि चहा मागवत. माग वाचावा असे महेश्वरीला मनापासून वाटे. तिने शाळेच्या भिंतीसाठी एक चादर विणायला सांगितली, जिच्या काठावर मी असेन.

"दोन्हीकडनं सारखाच हाय की आकडा," विरेश खूश होऊन म्हणाले. "मग पत्ते नवापत्तुरच पाडू. फुडं माळ उलटी फिरवायची."

मागावर नक्षी उतरते ती भोकांच्या पत्त्यांवरून. या पत्त्यांची माळ करतात. नक्षी दोन्हीकडून सारखी असेल, तर अर्धेच पत्ते पाडून माळ उलटी चालवायची, ही तिथली जुनी रीत. वेलबुट्टीला ती शोभते. महेश्वरीनेही मान डोलावली.

चादर उतरली. महेश्वरीच्या आईने, शांतम्माने, ती दोरीवर पसरली आणि काठावरून बोट फिरवले.

"अगं, पाचाच्या आदी तीन कसा? आन् दोनाच्या आदी सहा?"

माळ उलटी चालली तसे ९ नंतरचे माझे अंकही उलटे विणले गेले होते, आरशात दिसावेत तसे. बाकीचे नुसते वेडेवाकडे दिसत होते. पण ६ उलटला की ३ दिसतो आणि ३ उलटला की ६.

"तुज्या गणितानं आन् माज्या मागानं मिळून एकच चूक केली बघ," विरेश म्हणाले. "शाळेत कोन एवढं वाचतंय?"

महेश्वरी कागद घेऊन बसली. चादरीवरच्या संख्येचे तिने अवयव पाडून पाहिले. चारही ३ जागेवर होते, वर आणखी दोन आले होते. ३७ एकच उरला होता. ३३३६६७ दोन्ही निघून गेले होते.

"अप्पा, ही ती संख्याच नाही," ती हळूच म्हणाली. "दोन अंक फिरले आणि वर्ग मोडला."

मित्रांनो, आम्हा संख्यांना गंज चढत नाही, कसर लागत नाही. आम्हाला जपायचे म्हणजे एवढेच, की लिहून झाल्यावर आम्हाला एकदा पडताळून पाहावे.

विरेश यांनी चादरीवरच्या चुकलेल्या अंकांवरून बोट फिरवले. तेवढ्यात भंगारवाला दारात आला.

"मालक, गाडी कदी आनू?"

"पोरी, राहिलेले पत्ते उद्या पाडायला घेऊ," विरेश म्हणाले. मग दाराकडे वळून स्पष्ट आवाजात बोलले, "माग इकायचा न्हाय. माजे हात चालतात तंवर ह्योबी चालनार."